हिराआत्याची लाईट

खिडकीच्या गजावर काठीचे दोन ठोके पडले की मी हातातलं काम सोडून आधी दिव्याचं बटण बंद करायचो. मग बाहेरून आवाज यायचा, "मास्तर, सूर्य उगवलाय. त्येचं बिल येत न्हाय."

ही हिराआत्या. मी तिच्या भावाच्या घराला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहत होतो. गावच्या शाळेवर बदली झाली आणि थळच्या पुढच्या या गावात मी एक ट्रंक नि एक गादी घेऊन उतरलो, तेव्हा घरमालक गणपतशेठने भाडं सांगितलं, पाण्याची वेळ सांगितली आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "लाईटीचं मात्र बहिनीशी बोला." मला वाटलं, बहीण वायरमन असेल.

ती वायरमन नव्हती. लहानपणी पोलिओने डावा पाय गेलेली, पन्नाशीची, सावळी, ठेंगणी बाई होती ती. हातातली काठी गणपतशेठने जुन्या होडीच्या वल्ह्याचा दांडा तासून करून दिलेली. चालताना ती काठी एवढी जोरात आपटायची की तीन घरांपलीकडे कळावं, आत्या निघाली. साऱ्या गावाची ती आत्याच होती. तिच्या भाचीने, सायलीने, बोबड्या बोलांत ठेवलेलं नाव गावाने उचललं होतं.

घरचं वीजबिल ती भरायची. अपंगांना सरकारकडून दरमहा जी पेन्शन मिळते, ती तिच्या खात्यात जमा व्हायची. कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांची एकदम, पण यायची. त्यातून पहिलं बिल जायचं, उरलं तर औषध, त्यातून उरलं तर मिश्री. त्यामुळे घरातला प्रत्येक दिवा, पंखा आणि सायलीचा फोन चार्ज करायचं बटण तिच्या अखत्यारीत होतं. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा तिला जेवढा झोंबायचा तेवढं काहीच झोंबत नसे. "कोनाला वारा घालतोय हा? भुताला?" असं म्हणत ती लंगडत जाऊन तो बंद करायची. आणि पाहुणा आला की मात्र ऐटीत म्हणायची, "लावा पंखा, लावा. लाईट माझी हाय."

या ऐटीमागची गोष्ट मला तिची वहिनी शेवंता हिने सांगितली. आईबाप गेल्यावर आत्या भावाच्या घरी राहिली. एकदा ती ओटीवर दिवा लावून रेडिओ ऐकत बसली होती, तेव्हा शेवंता बोलून गेली, "लाईट काय फुकट येते?" आत्याने रेडिओ बंद केला, दिवा बंद केला, आणि पुढे कितीतरी दिवस ती तिन्हीसांजेनंतर अंधारातच बसायची. मग पेन्शन सुरू झाली. पहिल्या पैशांतून तिने बिल भरलं, भरल्याची पावती देव्हाऱ्यात ठेवली, आणि ओटीवरचा दिवा लावला. "त्या दिवसापासून," शेवंता म्हणाली, "मी त्या बटनाला हात लावत न्हाय, मास्तर." हे सांगताना तिचा चेहरा पडलेला होता.

पण हिराआत्याची खरी ओळख ही नव्हे. ती धवलारीण होती.

आमच्या घाटाकडच्या लोकांना हे सांगावं लागतं. इकडे आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजी येतो, मंत्र म्हणतो, दक्षिणा घेऊन जातो. पण लग्न लागल्यासारखं वाटतं ते धवलारणीने धवले गायल्यावर. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं असतं. लग्नाच्या दिवशी हिराआत्या सकाळपासून कोणाशी बोलायची नाही. ज्येष्ठमधाचा तुकडा गालात धरायची, आलं घातलेला कोरा चहा प्यायची, आणि मांडवात पाट नाकारून खुर्ची मागायची. "पाटावर बसलं तर उठवायला दोघं लागतील. मंग गानं कोन म्हनंल?"

आवाज गोड नव्हता. गोड म्हणणं म्हणजे त्या आवाजाचा अपमान होईल. खरखरीत, रुंद, मांडवाच्या शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांपर्यंत पोचणारा आवाज होता तो. आणि जुन्या धवल्यात ती समोर दिसेल त्याला गुंफायची. उशिरा आलेला नवरदेव, रुसलेली करवली, कोणाची सुटका नसे. एका लग्नात मी बोंबलाच्या पंगतीत रमलो होतो आणि एकाएकी कानावर आलं:

"मास्तर बसला पंगतीला गो, फल्याकडं त्याची पाठ,
तिसरा बोंबील मागताना गो, इसरला पाढ्याची वाट."

सगळा मांडव हसला. दुसऱ्या दिवशी वर्गात मी पाढे घ्यायला लागलो तर तिसरीची पोरं हेच म्हणून दाखवत होती. मी रागावलो, पण खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं होतं. त्या गावात मी उपरा होतो. धवल्यात नाव आलं म्हणजे आता गावचा झालो.

गाण्याचे तिला पैसे मिळत. फार नाही, पण लग्नसराईत हात जरा मोकळा होई. आणि मग दामूची बातमी आली.

दामू शेजारच्या गावचा. त्याचाही पाय अधू, त्यालाही पेन्शन. तो काशीदच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवार शहाळी विकायला बसायचा. एक दिवस त्याची पेन्शन बंद झाली. का झाली ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच ठाऊक होतं: शहाळी विकताना कोणीतरी पाहिलं, कमावतोय म्हणून कळवलं, झालं. ही बातमी आमच्या आळीत पोचेपर्यंत त्यात फोटोसुद्धा काढला गेला होता.

हिराआत्याने त्या दिवसापासून नियम केला: रोकड घ्यायची नाही. "पैशे घेतले तर ती कमाई. नारल घेतला तर तो मान. मानाला सरकार काय करनार?" असा तिचा हिशोब. मी म्हटलं, "आत्या, वर्षाची काहीतरी मर्यादा असते, तेवढं कमावलं तर चालतं बहुतेक." माझं ते 'बहुतेक' तिने बरोबर पकडलं. "बहुतेक? मास्तर, माझी लाईट 'बहुतेक'वर न्हाय चालत."

मग लग्नघरांची पंचाईत झाली. फुकट गाऊन घ्यायचं कसं? लोक वस्तू देऊ लागले. साड्या आल्या, तांदूळ आले, सुकटीच्या पिशव्या आल्या, तांब्याची कळशी आली. ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. आणि एका नवऱ्या मुलाच्या बापाने, नुसता नारळ द्यायची लाज वाटली म्हणून, दारात बोकड आणून बांधला. आत्या त्याच्याकडे बघत राहिली. "ह्यो मान हाय का कमाई?" तिने मला विचारलं.

नेमका त्याच आठवड्यात कोणाच्या तरी जमिनीच्या कामासाठी तलाठी गावात आला. आळीत त्याची मोटारसायकल वाजली तशी आत्याने गावात कधी दाखवली नव्हती एवढी चपळाई दाखवली. बोकडाचं दावं सोडून तिने तो माझ्या खोलीत ढकलला आणि बाहेरून कडी घातली. आत मी आणि बोकड. त्याने आधी माझ्या सदऱ्याची बाही चाखून पाहिली, मग गादीकडे मोर्चा वळवला. तलाठी गणपतशेठच्या ओटीवर चहा घेत असताना आतून बेंबें सुरू झालं. शेवटी त्याने कडी काढून डोकावलं.

"काय मास्तर, शेळी पाळली का?"

"हो," मी म्हटलं, "म्हटलं घरचं दूध बरं."

तलाठ्याने बोकडाकडे नीट पाहिलं, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि परत ओटीवर जाऊन उरलेला चहा संपवला. त्या दिवसानंतर मी काहीही कायद्याचं बोलायला गेलो की आत्या म्हणायची, "तुमाला बोकड नि शेली कलत न्हाय, नि तुमी मना कायदा सांगताय?"

हे सगळं हसण्यावारी जात होतं, तोवर काशीदचं ते लग्न झालं. तिथल्या एका होमस्टेच्या मालकिणीने आत्याला जीप पाठवून नेलं. मुंबईचे नवरानवरी, किनाऱ्यावर मांडव, पांढरी फुलं, आणि मधोमध खुर्चीवर आमची आत्या. तिने नवरीच्या काळ्या गॉगलला आणि नवऱ्याच्या वाळूने भरलेल्या बुटांना धवल्यात गुंफलं. पोरं इतकी खूश झाली की पैसे नको म्हणणाऱ्या आत्याचं त्यांनी ऐकलंच नाही. सोबत गेलेल्या सायलीकडून खाते क्रमांक घेतला आणि फोनवरून पैसे पाठवून दिले. वर आत्याच्या गाण्याचा व्हिडिओ काढून तोही सगळ्यांना पाठवला.

सायलीने घरी येऊन हे आनंदाने सांगितलं. आत्याचा चेहरा उतरला. "पेन्शनच्या खात्यात?" एवढंच तिने विचारलं.

ते पैसे परत करायचा तिने प्रयत्न केला. ती नवरी फोनवर म्हणाली, "काकू, ते तुमच्या मेहनतीचे आहेत." हे वाक्य ऐकून आत्या अधिकच घाबरली. मेहनत हाच तर शब्द तिला नको होता. आणि व्हिडिओ तर गावोगाव फिरत होता. "बघनारा म्हनंल, ही बाई धडधाकट हाय. चार तास गाते. हिला कसलं अपंगत्व?"

तिने गाणं बंद केलं. विचारायला येणाऱ्यांना सांगायची, घसा बसलाय. घसा ठणठणीत होता, पंखे बंद करताना तो ऐकू यायचा. पण सराई सुरू झाली आणि मांडवांत डीजे वाजू लागले. ज्या दिवशी आळीत लग्न असे त्या दिवशी आत्या ओटीवर पाठ करून बसायची, काठी मांडीवर आडवी. मला तिच्याकडे बघवत नसे. मला त्या न पाहिलेल्या सरकारी माणसाचा राग यायचा, दामूचा यायचा, आणि सगळ्यात जास्त त्या कोणाच्या तरी 'म्हणे'चा यायचा.

त्याच सराईत सायलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, मांडव दारातच. सायली म्हणाली, "आत्याचा धवला न्हाय तर मी हलद लावून घेनार न्हाय." आत्या म्हणाली, "डीजे लाव."

एका दुपारी शेवंता माझ्या दाराशी आली. ती सहसा येत नसे. "मास्तर, तिला सांगा, पेन्शन गेली तर जाऊं दे. लाईटबिल आमी भरू. तिनं पोरीच्या हलदीला गायला पायजे." बोलताना तिचे डोळे भरले होते. त्या जुन्या एका वाक्याची भरपाई ती करू पाहत होती, हे मला दिसत होतं.

खिडकीपलीकडे काठी वाजली. आत्याने सगळं ऐकलं होतं.

"वयनी, तू भरशील हे मना म्हाईत हाय," ती शांतपणे म्हणाली. "पन मंग बटन पन तुझं."

शेवंता रडत आत गेली. आत्याने काठी गजाला टेकवली. मग म्हणाली, "मास्तर, धवला लपवून गायचं गानं न्हाय. लपवून म्हटला तर तो काय धवला? उद्या शालेत रजा टाका. तालुक्याला जाऊ."

"कशाला?"

"सांगायला. समदं सांगायचं. काय व्हायचं ते होऊं दे."

दुसऱ्या दिवशी ती लग्नात मिळालेली हिरवी साडी नेसून रिक्षात बसली. मी म्हटलं, कमाईचीच साडी नेसून निघालात. म्हणाली, "व्हय. पुरावा."

तहसील कचेरीत पेन्शनचं काम बघणाऱ्या नायब तहसीलदार बाई होत्या. चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, समोर गर्दी. आमचा नंबर आला तशी आत्या खुर्चीवर न बसता काठीवर रेलून उभी राहिली आणि गाताना लावते त्याच आवाजात म्हणाली, "मी हिरा. मना पेन्शन हाय नि मी लग्नात गातंय. पैशे मिलतात." सगळी कचेरी वळून बघू लागली. मी पुढे होणार तेवढ्यात तिने काठी माझ्या पुढ्यात आडवी धरली. मग तिने साड्या सांगितल्या, तांदूळ सांगितले, कळशी सांगितली, काशीदचे पैसे सांगितले, बोकडही सांगितला.

"बोकड आता कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"पोटात," आत्या म्हणाली. "जत्रेला कापला. मास्तरांच्या पन पोटात हाय."

बाई हसल्या. चेष्टेचं हसणं नव्हतं ते. मोकळं, दमलेल्या माणसाला अचानक येतं तसं होतं. त्यांनी तिला आधी बसवलं, पाणी दिलं. मग शांतपणे विचारत गेल्या: रेशनकार्ड वेगळं आहे का, शेती नावावर आहे का, एका सराईत साधारण किती लग्नं होतात, एका लग्नाचे किती मिळतात. आत्याने जुन्या रोख दराने सांगितलं. बाईंनी तोंडी हिशोब केला.

"आत्या, साड्या नि नारळ राहू द्या बाजूला. काशीदचे पैसे धरूनसुद्धा वर्षाला तुम्ही मर्यादेच्या निम्म्यावरही जात नाही. मर्यादेच्या आत कमावलं म्हणून पेन्शन बंद होत नाही."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी 'बहुतेक' हा शब्द उच्चारला नाही.

"आनि गाताना कोनी बघितलं तर? चार तास गातंय मी."

"तुमचा दाखला पायाचा आहे," बाई म्हणाल्या. "गळ्याबद्दल सरकारने तुम्हाला काही विचारलेलं नाही."

आत्याने हातातला पेला खाली ठेवला. तिला दामू आठवला, तिने त्याचंही विचारलं. पलीकडच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "शहाळीवाले ना? ते मुंबईला लेकीकडे राहायला गेले होते. हयातीचा दाखला दिला नव्हता म्हणून थांबलं होतं. दिला, सुरू झालं."

आत्याने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "मेल्या दामूनं जित्ता असल्याचं सांगितलं न्हाय, नि हितं मी मुकी झाली."

बाईंनी एक गोष्ट मात्र बजावली. कमाई वाढली तर दरवर्षी खरी सांगायची. मर्यादेपलीकडे गेली तर पेन्शन थांबेल, आणि पुन्हा चालू करायची तर सगळं पहिल्यापासून. काशीदवाल्यांनी दर शनिवारी बोलावलं तर, मी विचारलं. "तर विचार करावा लागेल," बाई म्हणाल्या. आत्याने मान डोलवली. "मंग मी जपून घेईन. जास्तीची लग्नं वयनी करंल. इतकी वरसं भाकऱ्या थापताना माझ्यामागून गुनगुनते. तिला वाटतं मना ऐकू येत न्हाय."

बाहेर आल्यावर तिने मला वडापाव घेतला, स्वतःला दोन घेतले, आणि पैसे देऊ दिले नाहीत. "कमाईचे हायेत," ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली. परतीच्या रिक्षात ती गुणगुणायला लागली, आणि चोंढीच्या पुढे तर रिक्षावाल्यालाच गाण्यात घेतलं. मी रिक्षाबाहेर बघत होतो. मला इतकं हलकं वाटत होतं की ती जे गात होती ते मलाच चिडवणारं गाणं असतं तरी मी टाळ्या वाजवल्या असत्या.

सायलीची हळद माझ्या त्या गावातल्या शेवटच्या दिवसांत झाली. बदलीचा हुकूम आला होता, ट्रंक भरून ठेवली होती. दुपारपासून मांडव गजबजला होता. माझ्या खिडकीला लागूनच आत्याची खुर्ची ठेवलेली, शेजारी पाटावर शेवंता, अंगावर नवी साडी आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखी भीती. आत्याने धवला उचलला. दुसऱ्या ओळीला शेवंताचा आवाज त्यात मिसळला, आधी चाचरत, मग न चाचरता. सायली हळदीत माखून रडत होती आणि हसत होती. गणपतशेठ उगीचच मांडवाचा एकच दोर पुन्हा पुन्हा बांधत होता.

ऊन अजून उतरलं नव्हतं. मी पाहुण्यांत जायला निघालो आणि सवयीने खोलीतला दिवा बंद केला.

खिडकीच्या गजावर काठीचे दोन ठोके पडले. आत्याने ओळ शेवंतावर सोपवली होती आणि वळून माझ्याकडे बघत होती. तिच्यामागे मांडवातला, ओटीवरचा, स्वयंपाकघरातला, सगळ्या घरातला प्रत्येक दिवा लख्ख उन्हात जळत होता.

"लावा, मास्तर, लावा," ती म्हणाली. "लाईट माझी हाय."